पान ३८६, पान ३८७ आणि तुळशीराम

मी, सुखदेव डोमाजी मेश्राम, वय ५२, रेल्वेत फिटर, शाळेत चौथी व पुढचे शिक्षण स्वतःचे स्वतः, राहणार समता कॉलोनी, रायपूर, बुधवारी हृदयाचे ऑपरेशन असल्यामुळे हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वहस्ते लिहीत आहे. खाडाखोड एकही नाही. आढळल्यास ती माझी समजू नये.

१. घर व फंडाची रक्कम पत्नी शेवंता हिला. यात वाद नाही.

२. माझे व्हर्नियर व मायक्रोमीटर कोणाला उसने देऊ नयेत. धाकटा भाऊ तुळशीराम याला दाखवूही नयेत.

३. विहारातील माईक व भोंगा माझा आहे. गोल बाजारची पावती ट्रंकेत आहे. तो घरी आणावा. कारण असे : वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने विहारात धम्माचा ग्रंथ वाचण्याचा मान २००२ साली मला होता. मी रोज एक पान वाचून पाच मिनिटे गप्प बसे आणि तेच पान पुन्हा वाची. अश्विन पौर्णिमेला पान ९१ झाले. समितीचा अध्यक्ष तुळशीराम सर्वांसमोर म्हणाला, "भाऊ, ग्रंथ वाचून राहिला का नट कसून राहिला?" लोक हसले.

पुढच्या वर्षी जागा त्याने घेतली. भोंग्यावरून धडाधड वाचत शेवटच्या दिवशी तो पान ३८५ वरून थेट ३८८ वर गेला. मधली पाने चिकटली होती. मी उभा राहून सांगितले, तर म्हणाला, "बस ना गा, खीर थंडी होऊन राहिली!" दीडशे माणसांत एकाच्याही लक्षात आले नव्हते. त्यांचा मला तुळशीरामपेक्षा जास्त राग आहे.

४. खरे लिहितो : ती दोन पाने मीही वाचलेली नव्हती. पुढ्यात बसून त्याच्या पानांवरचे आकडे पाहून बोललो. क्रमाने येतील तेव्हाच वाचायची असे ठरवले. मान गेल्यापासून घरी, पान ९२ पासून पुढे, एकेका पानाला आठवडा देत आज मी ३८५ वर आहे. बुधवारपर्यंत दोन्ही उरकता येतील. उरकणार नाही.

५. ग्रंथाची माझी पेन्सिलीच्या खुणांची प्रत मुलगी चेतना हिला. ती हिंदी शाळेत शिकली, मराठी बोट ठेवून वाचते. म्हणते, "पापा, एक लाइन में दस मिनट लगते हैं." म्हणूनच तिला.

६. मी परतलो नाही, तर येत्या अश्विन पौर्णिमेला चेतनाने ही दोन पाने विहारात भोंग्याविना वाचावीत. अडखळली तरी कोणी शब्द पुरवू नये. खीर आधी वाढावी, म्हणजे सबब उरणार नाही. तुळशीरामने समोर बसावे. वाचन संपल्यावर तो पाच मिनिटे काही न बोलता बसला, तर भोंगा त्याला परत द्यावा. बसणार नाही. तरीही घड्याळ लावावे.

मी परतलो, तर पाने मी वाचीन. बसायचे त्यालाच आहे.

रायपूर, दि. १३ जुलै २००८
(सही) सु. डो. मेश्राम

साक्षीदार :
१. प्रेमला रामटेके, शेजारीण. दोनदा वाचून सही.
२. सुशील गजभिये, सहकारी. न वाचताच पेन उघडले होते, टोपण परत बसवले. आता वाचून सही.