अकरा तासांच्या पुढे

४ नोव्हेंबर २००६
पोस्टमनने पाकीट दिलं. ह्यांच्या नावाचं. ह्यांना जाऊन सव्वा महिना झाला, दक्षिणेकडच्या त्या संस्थेला कळवायचं राहूनच गेलं होतं. ह्यांनी पाठवलेले विमानाचे दोन्ही लाकडी पंखे नापास. जमिनीवर इंजिनाला लावून चालवले, अकराव्या तासाला थरथर सुरू झाली, इंजिन बंद करावं लागलं. चालायला हवेत चोवीस तास.
ह्यांनी हे वाचलं नाही ते बरं झालं. की नाही, कोण जाणे.

५ नोव्हें.
बस्त्यावला पत्र वाचून दाखवलं. भुईगावचा सुतार, ह्यांच्याबरोबर बावीस वर्षं. म्हणाला, "वैनी, खोटं लिवलंय. भाऊच्या हातचा पंखा थरथरनार नाय." मग शेडमध्ये जाऊन दुपारपर्यंत पटाश्यांना धार लावत बसला. काम काहीच नव्हतं.

८ नोव्हें.
संस्थेच्या कुलकर्णी साहेबांना फोन केला. बातमी सांगितली. मग म्हणाले, "जानेवारीअखेर तिसरा पंखा मिळाला तर बघतो. नाहीतर परदेशी फायबरचा घ्यायचं ठरलंय. विमान थांबणार नाही, बाई."
मी "देते" म्हणाले. फोन ठेवल्यावर ह्यांची वही शोधून काढली.
फौजेचं विमान आहे. आत माणूस नाही. एकदा चढलं की दिवसरात्र वरच घिरट्या घालायच्या, खाली गाडीत बसलेल्याला डोंगरातली वाट पडद्यावर दिसते. मागच्या बाजूला एकच इंजिन आणि एकच लाकडी पंखा. पंखा गेला की सगळं गेलं. हे सांगायचे तेव्हा मी भाजी निवडत असायची.

११ नोव्हें.
नापास पंखे खोक्यातून परत आले. बस्त्यावने खोकं उघडलं, हात फिरवला, म्हणाला, "तडा नाय कुठं." सहज काट्यावर ठेवले. ह्यांच्या वहीत लिहिलेल्या वजनापेक्षा दोन्ही हलके!
पुन्हा मोजले. तेच.

१५ नोव्हें.
पंखे ओटीवर उघडे ठेवलेत. रोज सकाळी वजन करते. रोज थोडं वाढतंय. आज वहीतल्या आकड्याला येऊन थांबलं.
बी.एस्सी.चं फिजिक्स तीस वर्षांनी कामाला आलं. आमच्या वटार गावच्या हवेत समुद्राचं पाणी. लाकूड ते पिऊन बसतं. आम्ही इथे तोलून बसवतो आणि ते चालवतात कोरड्या माळावर. तिथे लाकूड सुकलं, मधला गाभा आकसला, इंजिनाला जोडणारे बोल्ट ढिले पडले, म्हणून थरथर.
चूक ह्यांचीच. लिहिताना जड जातंय. जन्मभर या हवेत राहिलेल्या माणसाला दुसरीकडे हवा वेगळी असते हे सुचलंच नाही. मलाही नाही, वजनं वहीत मीच लिहीत होते.

१६ नोव्हें.
बस्त्यावला सांगितलं. "मग भट्टीत सुकवू," म्हणाला. पण भट्टीत फळ्या तडकतात, हे त्यालाच माहीत. लाकूड हळू सुकायला हवं.
सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "केळी कशी सुकवतो आपण?"
यंदा घरात दुःख, म्हणून सुकेळी घातलेली नाहीत. परसातले बांबूचे माच रिकामे पडलेत.

१७ नोव्हें.
नव्या पंख्यासाठी एकमेकींवर चिकटवायच्या पातळ फळ्या माचांवर मांडल्या. केळ्यांसारखंच सगळं. दिवसभर ऊन, मधे एकदा उलटायच्या, दव पडायच्या आत कोरड्या गवतात गुंडाळून घरात. सासूबाई जातीने उभ्या. शेजारच्या काकू कुंपणावरून, "यंदा कोणती जात लावली?" सासूबाई म्हणाल्या, "विमानाची."
ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच त्यांना चेष्टा करताना ऐकलं. मी आत गेले.

२ डिसें.
वजन उतरतंय, पण किती सावकाश. बस्त्याव वैतागला. "लाकूड हाय का उपासाला बसलेली म्हातारी!" सासूबाईंनी त्याला आज चहा दिला नाही.

१९ डिसें.
तीन दिवस वजन हललेलं नाही. सुकल्या. उद्या चिकटवायच्या.

६ जाने. २००७
कोरीवकाम सुरू. पुन्हा पाणी पिऊ नये म्हणून मागची खोली बंद करून चार मोठे दिवे लावलेत. बस्त्याव आत बनियनवर. तासाभराने बाहेर येतो, डोक्यावर तांब्या ओततो, अंग कोरडं पुसून परत आत. "माजाच घाम पिऊन परत भरेल तो," म्हणतो. आकार ताडून बघायचे फर्मे ह्यांचे आहेत, पेन्सिलच्या खुणांसकट. एका फर्म्यावर ह्यांच्या अक्षरात "इथे घाई नको". बस्त्याव तिथे दोन दिवस थांबला.

१४ जाने.
संक्रांत. यंदा तिळगूळ नाही. आज तोलायचं काम. पंखा बारीक दांडीवर आडवा टांगला, खिडक्या बंद, सासूबाईंनासुद्धा बोलू दिलं नाही. डावं टोक खाली जायचं. उजव्या टोकाला वॉर्निशचा हात. पुन्हा. पुन्हा. पाचव्या वेळेला थांबला, आडवा, सरळ. मी टोकावर फुंकर घातली, थोडा फिरला आणि जिथे थांबला तिथेच राहिला.
बस्त्यावने क्रूसाची खूण केली. मी नुसती बघत राहिले.
लगेच प्लास्टिकमध्ये बंद. आत कोरडेपणाच्या पुड्या.

१८ जाने.
बस्त्याव स्वतः घेऊन गेला. खोकं मांडीवर. कोणाला हात लावू दिला नाही म्हणे.

३ फेब्रु.
सकाळी नऊला कुलकर्णी साहेबांचा फोन. काल सकाळी आठला सुरू केलं होतं, मला मुद्दाम सांगितलं नाही.
"बाई, पंचवीस तास झाले. अजून चालूच आहे."
मला वाटलं चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं.
"थरथर?"
"नाही."
"बोल्ट?"
"एकही कसावा लागला नाही."
शेडकडे पळत गेले. या वयात! बस्त्यावला सांगितलं तर त्याने पटाशी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग मोठ्याने ओरडला, "मी बोल्लो व्हतो ना! भाऊच्या हातचा!"
तुझ्या हातचा, म्हणाले मी. ऐकायला तयार नाही.

४ फेब्रु.
तीस तासांनी त्यांनीच बंद केलं, इंधन संपत आलं म्हणून. पंखा तसाच. सासूबाई सकाळपासून प्रत्येकाला सांगताहेत, भाजीवालीलासुद्धा. मी थांबवलं नाही. मीसुद्धा काल तिघींना सांगितलं. मी!

२० फेब्रु.
फायबरचा पंखा रद्द. आमचाच घेणार. कुलकर्णी साहेब पुढचंही बोलले. यानंतरच्या विमानाला पंखांखाली शस्त्रं असणार. वजन जास्त, पंखा लांब. बारा लागतील. कराल का?
बस्त्याव "हो म्हना" म्हणतो. सासूबाईंनी विचारलं, "ते टाकायचं कुणावर?"
आत कोणी बसत नाही म्हणून आपलं कोणी मरत नाही, असं हे म्हणायचे. खाली असतात त्यांचं मी कधी विचारलं नव्हतं. ह्यांनी काय उत्तर दिलं असतं...
कळवते म्हणाले.

११ मार्च
आज उड्डाण. पहाटे सहाला सुटलं. दर दोन तासांनी फोन. आठला, दहाला, बाराला सगळं ठीक. बस्त्याव ओटीवरून उठलेला नाही, जेवणसुद्धा तिथेच. बातमी वटारभर झालीय. कोणी ना कोणी येऊन आभाळाकडे बघून जातं, जसं काही इथूनच दिसणार आहे.
आत्ता संध्याकाळचे सहा. बारा तास झाले. ते वरच आहे. पुन्हा लिहिते, ते वरच आहे!
साहेबांनी त्या बारा पंख्यांचं पुन्हा विचारलं. म्हटलं, आधी हे खाली येऊ दे.