झाड कोणाचे, ते आधी विचारावे

आरमोरी,
सोमवार, दि. २० जून २००५

चिरंजीव अकरम यास,

सलाम आणि अनेक दुआ. माझे गुडघे हवामानाचा अंदाज वर्तवण्यापुरतेच दुखतात, त्याहून अधिक नाही. सूनबाई सुलताना बरी आहे. तिच्या शिवणयंत्राचा पट्टा बदलून घेतला. शिवारात रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकणे सुरू झाले आहे. घुग्घुसच्या धुळीत खाणीतल्या पाळीहून परतताना तोंडाला रुमाल बांधत जा.

तुझे पत्र मिळाले. घरात आपण हिंदी बोलत असलो, तरी पत्र मराठीतच लिहायचे, हा माझा नियम तू पाळलास, याचा आनंद झाला. विरामचिन्ह मात्र सबंध पत्रात एकही नाही. ‘राजुऱ्याचे पाहुणे येऊन राह्यले निशातले घरीच ठेवा नोकरीचा विषय काढू नका’ हे सारे तू एका श्वासात लिहिलेस. वाचताना धाप मला लागली. उत्तर क्रमाने देतो.

तुझी मुलगी नववीत असताना शाळेने तिचे नाव युवा कर्तृत्व पुरस्काराच्या उपक्रमात घातले, ते तुला आठवत असेल. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा त्याच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर काही सेवाकार्य, एखादे कौशल्य, खेळ आणि पदभ्रमंती. यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो; ज्याने त्याने आपलेच उद्दिष्ट ठरवून ते गाठायचे. आयुष्यभर मुलांना क्रमांक देत आलेल्या मला तो पोरखेळ वाटला होता आणि तुला फुकटची पायपीट. चौकातून सुई आणायची, तरी आईला सोबत नेणारी ही मुलगी पदभ्रमंती कसली करणार, म्हणून आपण दोघेही हसलो होतो.

रौप्य पायरीला तिने सेवाकार्यासाठी वैरागडच्या वाटेवरील, आपल्याकडे मोहफुले विकायला येणाऱ्या सोनीबाईंचे गाव निवडले. तेथे मोह वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाला जाळत असत, म्हणजे मोकळ्या जमिनीवर फुले दिसत. ती आग कधीकधी रानात शिरे. निशातने सुलतानाकडून शिवण शिकून जुन्या लुगड्यांची भलीमोठी चादर जोडली आणि गावालगतच्या सर्वांत थोर झाडाखाली अंथरली. सकाळी चादर फुलांनी भरली. वेचायला मात्र एकही बाई येईना. दुपारपर्यंत गुरांनी निम्मी फुले फस्त केली. हिला रडू कोसळले.

सोनीबाई म्हणाल्या (शब्द जसेच्या तसे देतो, दुरुस्त करत नाही), “अवो बाई, ते झाड मुखरूच्या घरचं आहे. दुसऱ्याच्या झाडाचा मोह आमी वेचत नाई. झाड कोनाचं, ते त पयले इचारशीन का नाई?”

त्या गावात प्रत्येक मोहाचे घर पूर्वापार ठरलेले असते. दुसऱ्या दिवसापासून निशात दारोदार गेली आणि एकच प्रश्न विचारत राहिली: तुमचे झाड कोणते? चौकात एकटी न जाणारी मुलगी, अकरम! पुढच्या हंगामात घरोघरची लुगडी आपापल्या झाडाखाली पसरली, आणि त्या बाजूने धूर निघाला नाही.

सुवर्ण पुरस्काराच्या वेळी नागपूरच्या सभागृहात ‘निशात अकरम शेख’ असे पूर्ण नाव पुकारले गेले. तुला पाळी बदलून मिळाली नव्हती. मी तुझ्याही वाट्याच्या टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून पाहिले.

यंदा वनरक्षकांच्या निवडीत तोंडी परीक्षेला साहेबांनी तिला विचारले, “रानात आग दिसली, तर काय करशील?” ही म्हणाली, “आधी विझवीन. मग झाड कोणाचं, ते विचारीन.” साहेब हसले. नंतर हसणे थांबवून त्यांनी तिला सारे सविस्तर सांगायला लावले. तिची निवड झाली, हे तुला ठाऊकच आहे.

आता राजुऱ्याचे पाहुणे. ते काल येऊन गेले. माणसे सभ्य आहेत. मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी रिकामी करून विचारले, “गुरुजी, पोरगी जंगलात फिरन, त घरी सैपाक कोन करन?”

“आपण आत्ता खाल्लेले पोहे मी केले आहेत,” मी म्हणालो.

त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन ते पुन्हा म्हणाले, “पन नोकरीचं पोरीच्या बापाले इचारलं का?”

“जिचे आयुष्य आहे, तिला विचारले.”

पडद्याआड सुलताना हसली. तुझी पत्नी एवढ्या मोठ्याने हसू शकते, हे मला या वयात कळले. स्थळ मी मोडलेले नाही. थांबण्याची तयारी असेल, तर पुढे निशातलाच विचारावे, असे सांगून त्यांना सन्मानाने निरोप दिला.

बाकी, कौले फेरून झाली. मांजरीला पिल्ले झाली. चहा आज सवयीने तीन कपांचा टाकला गेला आणि एक कप तसाच उरला.

निशात आज सकाळच्या एसटीने प्रशिक्षणाला गेली. मी स्वतः तिला बसवून आलो. गाडी हलता हलता तिने खिडकीतून विचारले, “दादाजी, अब्बा को बताया?” मी म्हणालो, “आजच लिहितो.” मग तिने तोंड फिरवले. रानाला न भिणारी ही मुलगी तुझ्या नकाराला भिते. म्हणून तुला विचारण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आणि जाणूनबुजून उशीर केला. रागवायचे असेल, तर माझ्यावर रागव. फक्त वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दे.

प्रशिक्षण चंद्रपूरला आहे. घुग्घुसहून ते किती जवळ आहे, हे मी तुला सांगावे असे नाही. रविवारी घरच्यांना भेटू देतात. तिच्या गणवेशावरील नावपट्टीवर ‘निशात अ. शेख’ असे असणार आहे. त्यातला ‘अ’ तुझा आहे. तू गेलास काय आणि न गेलास काय, तो तिच्या छातीवर रोज रानात जाईल. पण तू जाशील. मोटारसायकल पुसून जा.

तुझा पिता आणि
वनरक्षक निशात अकरम शेख हिचा आजोबा,
अजीम