वीसपैकी एकोणीस

चितेगावच्या पुढं, उपकेंद्र
९ जुलै २०२५

ती. कौसल्यामावशीस,
राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर आपण दोघी नुसत्या ओरडतो, म्हणून पत्र. पावसानं दवाखान्याची मागची भिंत ओली झालीय, बाकी खुशाल.

काल औरंगपुऱ्यात एका हॉलमध्ये नवजात बाळांच्या काळजीचं प्रशिक्षण झालं. यंदाचं चौथं. पडद्यावर तीच चित्रं, हातात तोच गार समोसा. शेवटी परीक्षा झाली. मला वीसपैकी एकोणीस. टाळ्या वाजल्या आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

कारण अजून कुणाला सांगितलं नाय. मे महिन्यात इथल्या प्रेरणाच्या बाळाला तिसऱ्या दिवशी बघायला गेले होते. ती म्हणाली, ताई, सकाळपासून दूध ओढत नाय. मी दुपट्यातलं बाळ वरवर बघितलं, रडतंय ना मग होईल ठीक म्हणाले, आणि टॅबमध्ये माहिती भरत बसले. अजून अकरा घरं बाकी होती. पाचव्या दिवशी बाळ गेलं. जंतुसंसर्ग. अहवालात मी लिहिलं, पालकांनी आणायला उशीर केला.

परीक्षेत पहिलाच प्रश्न होता, बाळ दूध ओढत नसेल तर काय कराल. मी बरोबर लिहिलं. मला ते मे महिन्यातही येत होतं, मावशी.

लई थकलेय. तू तीस वर्षं नर्स होतीस, म्हणून तुलाच विचारते. बदली मागू का?

तुझी माया आहे तशीच राहू दे.
राजनंदिनी


गारखेडा
१६ जुलै २०२५

चि. राजनंदिनीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझं अक्षर मोत्यासारखं होतं, त्या टॅबनं पार कोंबडीचे पाय करून टाकलेत. दोनदा वाचावं लागलं. दुसऱ्यांदा अक्षरामुळं नव्हे.

बदलीनं गाव बदलेल, तू तीच राहशील. माझं एक सांगते. मी सुपरवायझर झाले त्या वर्षी एका पोरीनं येऊन स्वतःची चूक कबूल केली. मी तिला मेमो दिला. लई कडक वागले असं वाटून खूशही झाले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकीनंही मला काही सांगितलं नाय. सगळं ठीक हाय मॅडम, एवढंच ऐकलं. शेकड्यांनी प्रशिक्षणं घेतली, पण तुम्ही कुठं चुकता हे एकदाही विचारलं नाय.

म्हणून साहेबांकडं आधी जाऊ नको. तुझ्यासारखीच पिशवी घेऊन फिरणाऱ्या बायांना सांग. आणि वेळेवर जेवत जा.

आठवण ठेवणारी,
मावशी


उपकेंद्र
२ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. महिन्याची मीटिंग संपल्यावर आरोग्य केंद्राच्या मागच्या ओट्यावर आम्ही चौघी नर्स रिक्षाची वाट बघत होतो, तिथंच. शेजारच्या उपकेंद्राची रुक्सार खाली बघत म्हणाली, की तिनं एकदा गरोदर बाईचा बीपी न मोजताच मागचा आकडा लिहिला होता. बाई वाचली, पण तिला झटके आले. तेव्हापासून रुक्सारनं स्वतःला शिस्त लावलीय. घरात शिरलं की टॅब पिशवीतच. आधी बाळाचं दुपटं सोडायचं, छाती बघायची, आई पाजते ते शेवटपर्यंत बसून बघायचं. दहा मिनिटं जातात, घरं मागं राहतात, बोलणी खावी लागतात. ती म्हणाली, खाऊ.

तेव्हापासून आम्ही दर आठवड्याला बसतो. मागच्या आठवड्यात मी एका चार दिवसांच्या बाळाचं दुपटं सोडलं तर श्वास घेताना छाती आत ओढली जात होती. लगेच गाडी बोलावली. बाळ काल घरी आलं.

साहेबांच्या कानावर गेलं. म्हणाले, छान, याचा उपक्रम करू, बॅनर लावून फोटो पाठवा. मग आम्ही रुक्सारच्या घरी बसायला लागलो. तिची सासू सगीराचाची आम्हाला चहा देते आणि दार लोटून घेते.

पण परवा रुक्सारनं मला तोंडावर विचारलं, प्रेरणाला हे माहीत हाय का? तिला सांगायला मी गेलेच नाय. काय करू?

राजनंदिनी


गारखेडा
८ सप्टेंबर २०२५

चि. राजनंदिनीस,
अ. उ. आ.

जा. पण स्वतः हलकं व्हायला जाऊ नको. तिच्यापुढं रडू नको, माफी मिळावी म्हणून बसून राहू नको. आणि आधी तो अहवाल दुरुस्त कर, मग जा.

मावशी


उपकेंद्र
२४ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अहवाल दुरुस्त करायचा अर्ज दिला. चौथ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर लिहायला तिघी मदतीला बसल्या होत्या, तरी दोन ओळींच्या पुढं सरकेना. जे झालं तेच लिहून दिलं. आता चौकशी होईल.

काल प्रेरणाकडं गेले. ती अंगणात धुणं पिळत होती, सासू केसरबाई दारात गहू निवडत होत्या. उभ्यानंच सगळं सांगितलं. तू मला बरोबर सांगितलं होतंस, मी बघितलं नाय, तुझ्याकडून उशीर झालाच नव्हता.

प्रेरणा लई वेळ हातातलं लुगडं पिळत राहिली, पाणी संपलं तरी. मग म्हणाली, की चार महिने घरात सगळे तिलाच म्हणतायत, तुझंच दूध वाईट होतं. तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. या दुधानंच मारलं म्हणून ती छाती दाबून दूध मोरीत सोडायची.

मला शिवी नाय, माफी नाय. तिनं सासूकडं वळून फक्त विचारलं, ऐकलंत ना?

केसरबाईंनी सूप खाली ठेवलं. मी निघाले.

आज पाच घरं झाली, सहा राहिली. अंग दुखतंय.

ओरडून का होईना, बोलत राहा.
राजनंदिनी