चार गावांचा एक नकाशा

माधवनगर, उज्जैन
नोव्हेंबर १९५७

प्रिय मधुकर,

तुझं पत्र पोचलं. भोपाळच्या खाणावळीतल्या वरणाला तू घातलेल्या शिव्या तुझ्या अंबिकावहिनीला वाचून दाखवल्या. अर्धांगामुळे तिला धड हसता येत नाही, तरी हसली. शेजारच्या अहल्याकाकू दिवसभर तिच्यापाशी बसतात म्हणून मी कचेरीत जाऊ शकतो. उज्जैन सोडावं लागलं तर तिचं कसं होणार, हाच घोर मला वर्षभर लागलाय.

नवं राज्य झालं आणि आपली नकाशांची कचेरी फुटली. पुलाच्या खांबांचा हिशेब विष्णूकडे ग्वाल्हेरला, लोखंडकाम शरच्चंद्राकडे इंदूरला, पक्का नकाशा तुझ्याकडे, आणि शिप्रेचं पात्र मोजायला मी इथे. नदीवरचा पूल मात्र एकच! इथल्या भैरवगढचे कापड छापणारे लाकडी ठशाच्या कोपऱ्यातल्या टाचण्यांवरून दुसरा रंग नेमका पहिल्यावर बसवतात. ते पाहून मी आपल्या आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंग कापडांच्या कोपऱ्यांना भोकं पाडली. ज्याचं त्याचं कापड, ज्याची त्याची शाई. टपालानं आलेली कापडं एकावर एक ठेवून भोकांत खुंट्या घातल्या की चौघांचं काम एकदम दिसायचं. दुसऱ्याची रेघ कुणी खोडायची नाही, एवढाच नियम होता.

पावसाळ्यात काय फजिती झाली! दमट हवेनं तुझं कापड आखडलं, विष्णूचं मात्र ठणठणीत. ओढूनताणून बसवलं तर पुलाचा खांब थेट काठावर. विष्णू तुझ्यावर चिडला, तू माझ्यावर. मग मोजपट्टी कापडावरच काढायची ठरली, म्हणजे कापड आखडेल तशी तीही आखडेल. त्यानंतर एकदाही चूक झाली नाही. एका खोलीत असताना आपण इतके शहाण्यासारखे कधी वागलो नव्हतो, असं शरच्चंद्र म्हणायचा. मला फार अभिमान वाटला होता, रे.

तोच नडला. गेल्या आठवड्यात बडे साहेब दौऱ्यावर आले, चारी कापडं लावून पाहिली आणि खूश होऊन म्हणाले, "वाह भई! जब पूरी नदी कपड़े पर आ गई, तो उज्जैन की टेबल किसलिए?" कोण कुठे बसतो यानं काही बिघडत नाही, हे मीच त्यांना दाखवून दिलं. माझा तबादला बस्तरला करायचं चाललंय. अंबिकेला एवढा प्रवास झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगायचं धाडसच होत नाही.

हुकूम अजून निघालेला नाही. त्याआधी साहेब या पद्धतीबद्दल तुझा अभिप्राय मागणार आहेत, त्यासाठीच हे पत्र. ती चालत नाही, असं लिही. कापडं जुळत नाहीत, घोळ होतात, नदीपाशी माणूस बसल्याशिवाय पूल उभा राहणार नाही, असं लिही. तुला खोटं बोलायला सांगतोय, कळतं मला. आयुष्यात माझ्या हातून एवढं एकच काम धड झालं, मधुकर. ते झालंच नाही, असं लिहून दे.

तुझाच,
यज्ञेश्वर