करमाडवाला आणि टेबलफॅन

पप्पा, तुम्हाला लिहायला बसतो अन् उठतो, असं गाडीच्या फेरीवर पुण्यात झालं, गोव्यात झालं, हुबळीच्या ढाब्यावर तर कागदावर भज्यांचं तेलच सांडलं. तिथली मिरचीभजी म्हणजे... जाऊ द्या, मी भरकटतो. आज बसलोच, कारण आईनं दम दिलाय. "संध्याकाळपर्यंत ते डबडं हलव, नायतर भंगारात घालते." तुमच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तिला पिकोफॉलची मशीन मांडायचीय. तिचं बरोबरच हाय. पण हलवायला गेलं की माझाच हात निघत नाय, अन् त्याचाच मला लई वैताग आलाय.

काय मिळत होतं हो तुम्हाला? कंपनीनं काढून टाकलेला तो कॉम्प्युटर बजाजनगरच्या ह्या दोन खोल्यांत आणलात. कुठल्यातरी परदेशी रेडिओ-दुर्बिणीनं ऐकलेल्या आकाशाचे तुकडे फोनच्या वायरीनं घरी यायचे. आपल्या मशीननं ते चाळायचे, तिकडं ताऱ्यांवर कुणी बोलतंय का बघायचं, अन् फुकट परत पाठवायचे; जितके तुकडे चाळले, तितके गुण आपल्या टोपणनावावर. जगभरची माणसं करतात म्हणायचात. "वारंगुळा हाय हा. आपला बैल त्यांच्या रानात." आई पोळी लाटता लाटता म्हणते, "वारंगुळ्यात समोरचा बी बैल देतो. हे तारेवाले कधी यायचे आपल्या रानात?" तुम्ही हसता अन् स्क्रीनकडं वळता.

मे महिन्यात घरातला एकुलता टेबलफॅन त्या डब्याला. मला ताप, कपाळावर ओली पट्टी, तरी पंखा त्यालाच! "तो तापला की बंद पडतो बाळा." अन् मी? एकदा आईनं मिक्सरसाठी डब्याची पिन उपसली, तर तुम्ही जेवला नाहीत. "आता करमाडवाला अजून पुढं जाईल!" हा करमाडवाला म्हणजे गुणांच्या यादीत कायम तुमच्या वर असलेलं एक टोपणनाव, अन् पुढं गावाचं नाव. तोंड कधी पाहिलं नाय. तासाभराचं गाव, पण त्याला मागं टाकूनच त्याच्याकडं चहाला जायचं, हा तुमचा हट्ट. मागं टाकता आलं नाय, चहाही राहिला, अन् तुम्हीच गेलात. एवढा कसला ताठा?

परवा मी मोबाइलवर त्या कॉम्प्युटरचा फोटो टाकला, विकायला. आधी चालू करून बघितलं. जरा घरघरला अन् गप. 'बंद आहे' असं खरं लिहिलं, खाली घरचा पत्ता दिला. डब्यावर तुम्ही मार्करनं लिहिलेलं तुमचं टोपणनाव फोटोत आलंय, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

आत्ता, हे लिहिताना दार वाजलं. भंगारवाला समजून आई उठली. दारात एक म्हातारे गृहस्थ, हातात कापडी पिशवी. "करमाडहून आलो. ह्यांचे गुण एकदम थांबले, मला वाटलं खेळ सोडला. फोटोत नाव दिसलं तवा..." पिशवीतून जुना पॉवर सप्लाय काढला. "माझ्या मशीनचा हाय. ह्याला बसंल."

आईनं पदर डोळ्याला लावला, चहा ठेवला, अन् आतूनच म्हणाली, "आला बाई एकदाचा बैल."

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? उठतो आता. पाहुणे घामानं निथळतायत, अन् पंखा सकाळपासून मी त्या बंद डब्याकडं लावून ठेवलाय.