अनोळखी दहा-बारा वकील

सोम., ३ फेब्रु.
राणे सरांवर कोयत्याने वार. कोर्टाच्या पायऱ्यांवर, सकाळी पावणेअकराला, सगळ्यांदेखत. मी चार पायऱ्या वर होते. आंबिवलीच्या एका मुलीच्या पोटगीचं काम होतं, सर तिच्याकडून. तिचा नवरा, चेतन नाव त्याचं, शर्टाखाली कोयता लपवून पायरीवर बसला होता. पहिला वार सरांनी उजव्या हातावर घेतला, दुसरा खांद्यावर. हाताचं मांस उघडं पडलेलं मी बघितलं. माझ्या पदराने बांधलं, पदर भिजून जड झाला.
चेतनला तिथेच धरला. हसत होता हरामखोर.
सात वर्षं मी सरांच्या ऑफिसात बसून काम शिकले. आज रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ते मला विचारत होते, "बारा वाजताची तारीख आहे, कोणी उभं राहिलं का गं?"

मंगळ., ४ फेब्रु.
नौपाड्यातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. जीव वाचला. बोटं हलतील की नाही सांगता येत नाही म्हणाले.
बार असोसिएशनची तातडीची सभा. ठराव दोन मिनिटांत: चेतनचं वकीलपत्र कोणीही घ्यायचं नाही. हात वर करा म्हटल्यावर माझा सगळ्यात आधी वर गेला. एरवी दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत बाररूममध्ये अभ्यासवर्ग घेणारी मी, आरोपीला वकील मिळण्याचा हक्क या विषयावर गेल्याच महिन्यात पाऊण तास बोलले होते. कोणालाही आठवलं नाही. मलाही नाही.
अध्यक्ष भोईर साहेब म्हणाले, "काल रात्री मॅजिस्ट्रेटच्या घरी नेऊन दोन दिवसांची कोठडी घेतली पोलिसांनी. उद्या त्याला परत रिमांडला आनतील. बघू कसा जातोय वर."
टाळ्या वाजल्या. मीपण वाजवल्या.

बुध., ५ फेब्रु.
लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.
सकाळपासून सगळे जिन्यापाशी. साडेबाराला एक हवालदार एका माणसाचा हात हातात धरून वर आला. आमच्याकडे बेड्या सहसा घालत नाहीत, पोलीस आरोपीचा पंजा धरून आणतात, लहान मुलाला रस्ता ओलांडून नेतात तसं. माणसाने तोंडाला रुमाल बांधलेला. कोणीतरी ओरडलं, "आला रे!"
भोईरांनी जिन्याची लोखंडी जाळी ओढून घेतली. हवालदार खालच्या बाजूला, माणूस आमच्यात.
मग काय झालं ते सलग आठवत नाही. कोटाच्या बाह्या आठवतात. बूट आठवतात. कोणीतरी त्याचे केस धरून भिंतीवर डोकं आपटत होतं. तो "साहेब, साहेब" म्हणत होता. माझ्या हातात नव्या न्याय संहितेचं जाड पुस्तक होतं, अभ्यासवर्गाचं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि कोपरा त्याच्या डाव्या कानावर हाणला. एकदा नाही. तिसऱ्या वेळी कानातून रक्त आलं आणि मला बरं वाटलं. हे खोडणार नाही. बरं वाटलं.
हवालदार जाळीतून घसा फोडून ओरडत होता, "ओ साहेब, हा तो नाय! हा वॉरंटवाला आहे! तो येनारच नाय आज!"
चेतनला पोलिसांनी आणलंच नव्हतं. लॉकअपमधून व्हिडिओवर हजर करून सकाळीच रिमांड घेतला होता.
एका मिनिटात जिना रिकामा. मी बाथरूममध्ये पुस्तकाचा कोपरा धूत उभी होते.

गुरु., ६ फेब्रु.
त्याचं नाव नामदेव शेलार. मानपाड्याला कंपन्यांचा माल वाहणारा टेंपो चालवतो. पाच-सहा वर्षांपूर्वीची साधी अपघाताची केस, कोणी मेलेलं नाही. तारीख पडलेली त्याच्या वकिलाने कळवलीच नाही, म्हणून वॉरंट. काल स्वतःहून कोर्टात आला, खालीच हवालदाराने ताब्यात घेतला. रुमाल बांधलेला कारण कोर्टात गल्लीतला एकजण दिसला आणि लाज वाटली.
म्हणजे आधी आमच्यातल्या एकाने त्याला अडकवला आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून मारला.
डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. दोन बरगड्या मोडल्या. मॅजिस्ट्रेटनी जातमुचलक्यावर सोडलं.
गुन्हा दाखल: 'अनोळखी दहा-बारा वकील'. हवालदाराने जाळीतून फक्त काळ्या कोटांच्या पाठी बघितल्या म्हणे. तिथला कॅमेरा भिंतीकडे तोंड करून आहे, कित्येक महिने. बारचं म्हणणं, बाहेरची माणसं काळे कोट घालून शिरली होती. भोईरांनी हे पत्रकाराला इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं की क्षणभर मलाही खरं वाटलं.
अविनाशला सगळं सांगितलं. नवरा म्हणून काहीतरी बोलेल असं वाटलं. त्याने फक्त विचारलं, "किती वेळा मारलंस?" आणि उत्तर ऐकून भाजी चिरायला घेतली.

रवि., ९ फेब्रु.
सरांना भेटले. हात पट्ट्यांत, चेहरा पिवळा.
"मारलात म्हणे त्याला."
"तो चेतन नव्हता, सर. दुसराच होता."
"चेतन असता तर चाललं असतं?"
मी पाण्याची बाटली सरकवली.
"तू होतीस का गं त्यात?"
"मागे उभी होते."
सरांनी डोळे मिटले. माझ्या उलटतपासण्या त्यांनी सात वर्षं ऐकल्या आहेत, खोटं बोलणारा साक्षीदार त्यांना लगेच कळतो.

शुक्र., १४ फेब्रु.
अभ्यासवर्ग. विषय महिन्याभरापूर्वी छापून गेलेला, बदलता आला नाही: बेकायदा जमाव. कलम १९० वाचलं. समान उद्देशाने जमलेल्यांपैकी एकाने गुन्हा केला तरी जमावातला प्रत्येक जण दोषी. पुस्तक तेच. कोपरा फुगला आहे, पाणी लागून.
समोर तीस-बत्तीस जण. एरवी निम्मे जण मोबाईल बघतात, आज सगळे मान खाली घालून लिहीत होते. इतका मन लावून लिहिणारा वर्ग मी कधी बघितला नव्हता. मागून एकाने विचारलं, "मॅडम, नुसतं जाळी बंद करून उभा असेल तर?"
भोईर मोठ्याने हसले. "प्रॅक्टिकल प्रश्न आहे, ताई. द्या उत्तर."
मी उत्तर दिलं. तोही दोषी. टाळ्या. चहा. बिस्किटं.

सोम., १७ फेब्रु.
शेलार आला. माझ्याकडे. बायकोला घेऊन.
चार वकिलांनी त्याला हाकललं. एकाने बारमध्ये पाऊल टाकलंस तर उरलेला कान फोडीन म्हणून दम दिला. मग कोर्टातल्या कारकुनाने सांगितलं, अभ्यासवर्गवाल्या मॅडमकडे जा, त्या सरळ आहेत.
सरळ!
खुर्चीत तिरका बसला, उजवा कान माझ्याकडे करून. मला ओळखलं नाही. मी मागच्या डाव्या अंगाने मारलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांवर तोपर्यंत कपाळाचं रक्त ओघळलं होतं. बायको, सुमन, बोलत होती. "मागची गाडी हॉर्न देते ती कळत नाय यांना, मॅडम. परवा रिव्हर्स घेताना पोरगी जाणार होती चाकाखाली, शेजारणीने ओढली. मालकाने चावी काढून घेतली." मग म्हणाली, "आम्हाला फक्त कळू दे, कोणी मारलं. का मारलं."
तो म्हणाला, "मी नमस्कार करायला हात जोडत होतो, तर त्यांना वाटलं मी मारतोय. तसंच असंल काहीतरी."
मी कागद ठेवून घेतले. म्हटलं, बघते.
'बघते' म्हटलं मी. वीस वर्षं वकिली केलेल्या बाईला ज्या गुन्ह्यात ती आरोपी आहे त्या गुन्ह्यात फिर्यादीचे कागद ठेवून घेता येत नाहीत, हे सांगायला पुस्तक उघडावं लागत नाही. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मंगळ., १८ फेब्रु.
भोईरांना कुणकुण लागली. कँटीनमध्ये समोर येऊन बसले.
"शेलारचा कागद घेतलास म्हनं?"
"घेतला."
"परत दे. बिचारा आहे, आपन काय राक्षस नाय. उपचाराचं मी बघतो, कोनाला कळनार नाय. पन नाव निघालं ना एकाचं, तर बाराच्या बारा सनदा जातील. पोरं आहेत त्यातली तिशीची. तू शिकवलेली."
मग आवाज खाली. "पुस्तक कोनाच्या हातात होतं ते मी कोनाला बोललो नाय, ताई. बोलनार पन नाय."
हा माणूस दर भाऊबीजेला माझ्याकडे जेवायला येतो. मी नवीन होते, बसायला जागा नव्हती, तेव्हा स्वतःचं अर्धं टेबल रिकामं करून दिलं होतं. त्याच्या तोंडावर गरम चहा फेकावासा वाटला. ग्लास घट्ट धरून बसले, बोटं भाजली.

गुरु., २० फेब्रु.
दोघांना ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं. तयार केलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. "कानावर मी मारलं. पुस्तकाने. तीनदा." एवढंच.
शेलारला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने उजवा कान अजून पुढे केला. मला पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्याने.
सुमन टेबलाला वळसा घालून आली. पहिली थप्पड बसली तेव्हा चष्मा उडाला. मग मुठी, छातीवर, मानेवर, केस धरून खेचलं. मी हात वर केले नाहीत. याने काही फिटेल असं वाटत होतं. काही फिटलं नाही, ओठ तेवढा फाटला.
शेलारने तिला ओढून काढलं. बरगडी धरून वाकला, कळ आली असणार. मग कागद गोळा केले, एकेक, नीट. दारात वळून म्हणाला, "मॅडम, मी वॉरंट रद्द करायलाच आलेलो हो."

सोम., २४ फेब्रु.
पोलीस स्टेशन. माझ्या हाताने लिहिलेला जबाब. इन्स्पेक्टरसाहेबांनी तो अर्धा वाचून पालथा ठेवला. "मॅडम, साक्षीदार नाही, फुटेज नाही. तुम्ही कशाला अंगावर घेताय?"
"कारण मी मारलंय."
"बरोबर कोण?"
"गर्दी होती. नावं सांगता यायची नाहीत."
त्यांनी माझ्याकडे बघितलं. अशा उत्तरांची त्यांना सवय आहे, फक्त समोर बसणारी माणसं वेगळी असतात. जबाब घेतला. अटक नाही. बोलावू म्हणाले.
बाहेर आले तेव्हा फार ताठ चालत होते. शूरपणा केल्यासारखी.

मंगळ., २५ फेब्रु.
बाररूममधलं माझं टेबल फोडलं. फळी मधोमध, खुर्चीचे दोन पाय मोडलेले, ड्रॉवरमधली पुस्तकं फाडून पंख्यावर फेकलेली. माझ्या नावाच्या पाटीवर थुंकले आहेत. मी तुकडे उचलत होते तर मागून कोणीतरी चहा फेकला. मानेवर फोड आले. वळून बघितलं, वीस जण बसले होते, सगळे पेपर वाचत.
दुपारी ठराव लागला. माझ्याविरुद्ध खटला उभा राहिल्यास माझं वकीलपत्र कोणीही घ्यायचं नाही. भाषा चेतनच्या ठरावाचीच, फक्त नाव बदललेलं. अभ्यासवर्ग स्थगित.
सरांचा फोन. डाव्या हाताने धरला असणार, आवाज तुटत होता. "तुझं वकीलपत्र मी घेतो. सही अंगठ्याने करीन. पण मला सगळं सांगायचं. सगळं, कळलं?"
फोन ठेवून ढसाढसा रडले. अविनाशने मानेवर बर्फ धरला.

गुरु., २७ फेब्रु.
सुमन आली. एकटीच. बसली नाही.
"पोलिसांनी सांगितलं तुमचं. तुमच्या एकटीचं." टेबलाला टेकून पुढे वाकली, पुन्हा मारेल असं वाटलं. "त्यांच्या बरगड्या पण तुम्हीच मोडल्या का? डोकं पण तुम्हीच आपटलं भिंतीवर?"
"नाही."
"मग बाकीचे कुठायत?"
मी म्हटलं, मी माझं सांगितलं आहे. दुसऱ्यांचं सांगणं... तिने वाक्य पुरं होऊ दिलं नाही.
"तुमची माणसं आहेत, म्हणून ना? मग माझ्या माणसाला मारताना तुम्ही एक होतात, आणि आता एकट्या झालात? असं चालत असेल तुमच्यात. आमच्यात नाय चालत."
गेली. दार आपटलं नाही, उघडंच ठेवून गेली.
एवढा मोठा जबाब दिला आणि त्यात खोटं लिहून आले. नावं सांगता यायची नाहीत! कोणाचा बूट कोणता होता तेसुद्धा सांगता येईल मला. खाली बूट काळे होते, एकच तपकिरी. तो माझ्याच वर्गात पहिल्या रांगेत बसतो.
चार वाजल्यापासून कोरा कागद पुढ्यात. भोईरांचे पाच फोन येऊन गेले, घेतले नाहीत. सरांना सांगितलं, उद्या अकराला पुरवणी जबाब द्यायला जाते. त्यांनी विचारलं, किती जण? म्हटलं, माझ्यासकट बारा.
आकडे टाकून झाले, एक ते बारा. एकपुढे माझं नाव. दोनपुढे 'भो' लिहिला आहे.