अकरा अर्जांचं लॅमिनेशन

६ जानेवारी २०२५, सोमवार
नोकरी सोडून आज महिना झाला. कुरिअर कंपनीच्या ट्रेनिंग डिपार्टमेंटमध्ये बावीस वर्षं माणसं घडवली. आता समाज. संस्थेचं नाव ठरलं: कार्यकर्ता संसाधन केंद्र, सिल्व्हर पार्क. तूर्त आमच्या हॉलमध्ये. वस्तीत राबणाऱ्या लोकांकडे तळमळ असते, पण फोल्डर नसतो. तो मी देणार. व्हिजिटिंग कार्डं आली, 'संस्थापक-संचालक'. वासंतीने विचारलं, संस्थेत अजून कोण आहे. बायकोचा अॅटिट्यूड निगेटिव्ह.

९ जानेवारी, गुरुवार
लॅमिनेशन मशीन आलं. सकाळपासून चौदा चार्ट केले. मग विजेचं बिलही केलं. सुंदर दिसतं.

१२ जानेवारी, रविवार
जवळच्या चेणे गावात जाऊन आलो. सुगंधा नावाची बाई पाड्यावरच्या लोकांची सरकारी कामं करते. पगार नाही, पद नाही. अकरा विधवा बायकांचे पेन्शनचे अर्ज तिने दोन महिने फिरून तयार केलेत. सह्या, दाखले, अंगठे, सगळं. कागद पिशवीत कोंबलेले. मी म्हटलं, ताई, तुमच्याकडे सिस्टीम नाही. ती म्हणाली, "सिस्टीमचं म्हाईत न्हाय सर. चोवीस तारखेला शाळेत शिबिर हाय. साहेब शिक्का मारतील, की सुटलो." हिला ट्रेनिंगची नितांत गरज आहे.

१८ जानेवारी, शनिवार
पहिलं प्रशिक्षण. अपेक्षित वीस, हजर दोन. सुगंधा आणि तिच्यासोबत विमलाबाई, त्या अकरांपैकीच एक, वय सत्तर. छोटा ग्रुप म्हणजे सखोल काम. एकूण बासष्ट स्लाइड्स. नवव्या स्लाइडला विमलाबाईंना झोप लागली. माणूस विश्वास असेल तिथेच झोपतो.
मॉडेल फाइल बनवायला अर्ज चार-पाच दिवस मागून घेतले. सुगंधा देईना. म्हणाली, ओरिजिनल हायेत. मी स्लाइड चार पुन्हा दाखवली: विश्वास हीच विकासाची पहिली पायरी. दिले.

२० जानेवारी, सोमवार, सकाळी ११
अर्जांची अवस्था दयनीय. तेलाचे डाग, दुमडलेले कोपरे. अकराही अर्ज दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केले. आता पावसात बुडाले तरी काही होणार नाही. सुगंधाला सांगितलं नाही. सरप्राइज. शिबिरात थेट टेबलावर ठेवणार.

२४ जानेवारी, शुक्रवार, दुपारी १२.४०
साहेबांनी शिक्का मारला. उठला नाही. पुन्हा मारला. शाई प्लास्टिकवरून घसरून त्यांच्या बाहीला लागली. विमलाबाईंना वाटलं कागद मळलाय, त्यांनी पदराने पुसला. साहेबांनी विचारलं, ही अक्कल कोणाची? मी तेव्हा रिपोर्टसाठी फोटो काढत होतो. सुगंधाने माझ्याकडे पाहिलं. अकराही अर्ज गोळा करून माझ्या हातात दिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी, ४.१५
व्हिडिओत पाहिलं, इस्त्री फिरवली की प्लास्टिक सुटतं. सुटलं. सोबत कागदाचा पापुद्रा आणि अंगठाही सुटला. दुसरा अर्ज कात्रीने. फाटला. तिसऱ्याला इस्त्री जळली. वासंतीची होती. शांत राहण्याचा निश्चय.

२५ जानेवारी, शनिवार
'अनुभवातून शिकवण' असं टिपण लिहायला घेतलं. मुद्दा एक: अर्ज लॅमिनेट करू नये अशी स्पष्ट सूचना कुठेही नव्हती. मुद्दा दोन सुचेना. सुगंधाला सतरा फोन केले. उचलत नाही. एका सहीसाठी त्या अकरांपैकी एक बाई चार वेळा चालत गेली होती, हे मला सुगंधानेच सांगितलं होतं. तेव्हा मी त्याला केस स्टडी म्हटलं होतं. जेवण जात नाही. वासंती म्हणाली, "फोन काय करतोयस? जाऊन तोंड दाखव."

२७ जानेवारी, सोमवार
गेलो. सुगंधा भांडी घासत होती. माफीचे तीन भाग तयार होते. पहिल्यावरच तिने हात पुसले आणि नवे कोरे अर्ज नि शाईचा पॅड माझ्या हातात दिला. म्हणाली, पुढचं शिबिर सतरा फेब्रुवारीला. अकरा घरं. आधी नाव वाचून दाखवा, मग अंगठा. घाई करू नका.
तिसऱ्या घरी बाईने विचारलं, परत कशाला? मी म्हटलं, टेक्निकल प्रॉब्लेम. सुगंधा मागून म्हणाली, "खरं सांगा." सांगितलं, मी खराब केले. बाईने पदराला हात पुसला. मग अंगठा पुढे केला. संध्याकाळपर्यंत सहा घरं झाली. पाय सुजले. पाय सुजण्यावर माझ्याकडे एकही स्लाइड नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दहा अर्ज मंजूर. विमलाबाईंचा परत आला. त्यांच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत एकतीस जानेवारीला संपली. चोवीसला शिक्का उठला असता तर चालला असता. विमलाबाईंनीच मला पाणी दिलं. म्हणाल्या, "व्हईल रं." सुगंधा म्हणाली, नवीन दाखल्याला यांना तुम्ही घेऊन जा.

२० फेब्रुवारी, गुरुवार
दाखल्याच्या लाइनीत सकाळी साडेनऊपासून. विमलाबाई भिंतीला टेकून बसल्या. पावणेदोनला खिडकीशी पोचलो. क्लार्कने विचारलं, तुम्ही यांचे कोण? खिशात कार्डं होती. काढवेना. म्हटलं, कोणी नाही, सोबत आलोय. क्लार्क म्हणाला, मग बाजूला व्हा. विमलाबाई उठून पुढे आल्या आणि त्याला म्हणाल्या, "राहू दे त्याला. आमच्या सुगंधाचा माणूस हाय. नवा हाय, अजून काही येत न्हाय."
क्लार्कने मान हलवली. एक झेरॉक्स कमी होती. उद्या परत बोलावलंय.